बोलतंय कोण, ते आधी ऐका

चार-पाच वर्षं कुणी हात लावला नव्हता असा कर्नलचा सोर्स होता. लिनक्स 4.9 चा, एका जुन्या एआरएम बोर्डासाठी थोडेफार बदल केलेला. बोर्ड अजून रोजच्या कामात होता आणि त्याच्या एका ड्रायव्हरमध्ये दोन ओळींची दुरुस्ती करायची होती. सोर्स नव्या लॅपटॉपवर उतरवला, बोर्डासाठीचा क्रॉस कंपायलर जुनाच घेतला आणि मेक चालवलं. मिनिटभरात बिल्ड थांबलं. ‘मल्टिपल डेफिनिशन ऑफ वायवाय-एललॉक’. एकाच नावाचं व्हेरिएबल दोन ठिकाणी तयार झालंय, अशी लिंकरची तक्रार.

मी माझ्या दोन ओळी काढून टाकल्या. एरर तीच. क्रॉस कंपायलर परत उतरवला. तीच. कॉन्फिग पहिल्यापासून केली. तरी तीच. दुपार त्यात गेली. संध्याकाळी चहा पिऊन परत बसलो, तेव्हा दिवसभर नजरेखालून गेलेली एक ओळ पहिल्यांदा नीट वाचली. एररच्या बरोबर वर लिहिलं होतं ‘होस्ट-एलडी’, आणि पुढे ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमधल्या ‘डीटीसी’ या टूलचं नाव.

म्हणजे बोर्डासाठीच्या कंपायलरचा इथे संबंधच नव्हता. कर्नल तयार होण्याआधी त्याच्या कामाची काही छोटी टूल्स तयार करून घ्यावी लागतात. डीटीसी त्यातलंच एक. बोर्डावर कुठली चिप कुठे जोडली आहे याचं वर्णन मजकुरात लिहिलेलं असतं, ते हे टूल बायनरीत बदलतं. ते चालतं माझ्या लॅपटॉपवर, म्हणून कंपाइलही होतं लॅपटॉपच्याच जीसीसीने. आणि लॅपटॉप नवा होता. त्यावर जीसीसी 10 होता.

सी भाषेत फंक्शनच्या बाहेर नुसतं व्हेरिएबलचं नाव लिहिलं आणि आधी ‘एक्सटर्न’ हा शब्द लावला नाही, तर तिथे ते व्हेरिएबल नव्याने तयार होतं. दोन फाइल्सनी असं केलं तर दोन तयार होतात. पण जुने जीसीसी अशा व्हेरिएबल्सना एका सामाईक जागेत टाकत आणि लिंकर एकाच नावाची दोन दिसली की गुपचूप एकत्र करून टाकत असे. मे 2020 मध्ये आलेल्या जीसीसी 10 ने ही सवलत न मागता देणं बंद केलं. डीटीसीच्या दोन फाइल्समध्ये ती चूक कितीतरी वर्षं बसून होती. कुणी बोलत नव्हतं, एवढंच. त्या वर्षी जगभर जुने कर्नल बिल्ड करणाऱ्या हजारो लोकांना हीच ओळ दिसली. इलाज एका शब्दाचा होता: एका फाइलमधल्या त्या व्हेरिएबलच्या आधी ‘एक्सटर्न’ लिहायचं.

त्या दिवसापासून एरर आली की मी सगळ्यात आधी एकच बघतो, बोलतंय कोण. काय बोलतंय ते नंतर.

कर्नलची एक सी फाइल चार-पाच जणांच्या हातून जाते. आधी प्रीप्रोसेसर हेडर फाइल्स आणून चिकटवतो आणि मॅक्रो उलगडतो. मग खरा कंपायलर सी वाचून असेम्ब्ली लिहितो. असेम्ब्लर तिची ऑब्जेक्ट फाइल करतो. लिंकर अशा हजारो फाइल्स जोडून अख्खा कर्नल उभा करतो. आणि जे ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून वेगळे ठेवायचे असतात त्यांची शेवटची तपासणी मोडपोस्ट नावाचा प्रोग्रॅम करतो. प्रत्येकाची तक्रार करायची ढब वेगळी आहे. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणतो तो प्रीप्रोसेसर. उबुंटूवर पहिल्यांदा कर्नल बिल्ड करणाऱ्याला ओपनएसएसएलच्या हेडरबद्दल हीच ओळ दिसते आणि तो बिचारा कर्नलच्या कोडमध्ये शोधत बसतो. कोडचा काही दोष नसतो, मशीनवर एक पॅकेज घातलेलं नसतं. ‘एक्सपेक्टेड सेमीकोलन’ म्हणतो तो कंपायलर. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणतो तो लिंकर, आणि तो बोलायला लागला याचा अर्थ ती फाइल कंपाइल तर व्यवस्थित झाली आहे. व्याकरण बरोबर आहे, हाक मारली आहे तो माणूस घरात नाही.

आवाज कुणाचा हे कळण्याआधी मूळ ओळ सापडावी लागते, आणि नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो. कर्नल कुणीच एकेक फाइल करून बिल्ड करत नाही. आठ-सोळा कामं एकदम चालू असतात. त्यातलं एक फेल झालं तरी बाकीची हातातलं काम संपवूनच थांबतात आणि त्यांचा मजकूर खऱ्या एररच्या खाली साचत जातो. सगळ्यात शेवटी मेक लिहितो ‘एरर 2’. ती ओळ म्हणजे फक्त सांगावा आहे: खाली कुणीतरी फेल झालं. तीच ओळ कॉपी करून लोक मदत मागतात आणि तिच्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. म्हणून सगळा मजकूर एका लॉग फाइलमध्ये घ्यावा आणि तिच्यात वरून खाली शोधत जाऊन ‘एरर’ आणि पुढे कोलन असं लिहिलेली पहिली ओळ धरावी. पहिलीच. एका हेडरमध्ये स्ट्रक्चरच्या शेवटचा सेमीकोलन राहिला, तर ती हेडर वापरणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये एररचा पाऊस पडतो, आणि त्यातली एकही त्या हेडरच्या नावाने नसेल असंही होतं, कारण सेमीकोलन नाही हे कंपायलरला पुढच्या फाइलचा पहिला शब्द वाचल्यावर कळतं. तेव्हा ‘इन फाइल इन्क्लूडेड फ्रॉम’ ही वंशावळ वाचायची आणि एक पिढी मागे जायचं.

आता माझ्या आवडीची एक एरर. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू यूडिव्ह-डीआय-3’, नावाच्या आधी दोन अंडरस्कोर. हे नाव तुम्ही लिहिलेलं नसतं. तुमची सगळी फाइल शोधलीत तरी ते कुठे सापडत नाही.

32 बिटच्या प्रोसेसरमध्ये एका रजिस्टरात 32 बिटची संख्या मावते. 64 बिटच्या दोन संख्यांची बेरीज करायची तर खालच्या निम्म्यांची बेरीज, हातचा, मग वरच्या निम्म्यांची. दोन सूचनांत काम होतं. भागाकार तसा होत नाही. त्याला शाळेतल्या लांब भागाकारासारखी पायरी पायरीची कृती लागते. ती दर वेळी जागेवर लिहिण्याऐवजी जीसीसी आपल्या मदतनीस लायब्ररीतल्या एका फंक्शनला हाक मारतो, तेच हे यूडिव्ह-डीआय-3. एआरएमवर त्याचं नाव निराळं असतं. साध्या प्रोग्रॅमला ही लायब्ररी न मागता जोडली जाते. लिनक्स कर्नल ती सहसा जोडत नाही, आणि 64 बिटच्या भागाकाराच्या बाबतीत हे मुद्दाम आहे. 32 बिटच्या मशीनवर हा भागाकार महाग पडतो. कर्नलमध्ये तो कुणी नकळत लिहू नये, लिहायचाच असेल तर ‘डिव्ह-यू64’ सारखं फंक्शन नाव घेऊन बोलवावं, म्हणजे वाचणाऱ्यालाही किंमत कळते. 64 बिटच्या लॅपटॉपवर हाच कोड बिनतक्रार चालतो. म्हणून लिहिणाऱ्याकडे एरर येत नाही, 32 बिटच्या बोर्डावर बिल्ड करणाऱ्या दुसऱ्याच कुणाकडे जाते.

बहुतेक वेळा कारण साधं निघतं. कुणीतरी हेडरमधल्या एका फील्डचा प्रकार 32 चा 64 केला आणि तीन फाइल्स पलीकडे एक जुना भागाकार महागला. पण 2008 मध्ये, जीसीसी 4.3 च्या वेळी, याहून नवल घडलं. वेळेचा हिशेब करणाऱ्या कोडमध्ये एक लूप होती. नॅनोसेकंदांची संख्या एका सेकंदाहून मोठी असेल तोवर त्यातून एकेक सेकंद वजा करायचा. ही वजाबाकी एक-दोनदाच होणार हे लिहिणाऱ्याला माहीत होतं, म्हणून भागाकार टाळून मुद्दाम तसं लिहिलं होतं. नव्या कंपायलरने लूप पाहिली, वारंवार वजाबाकी म्हणजे भागाकारच हे ओळखलं आणि आपल्या हुशारीने तिथे भागाकार घातला. 32 बिटवर लिंकर ओरडला. ज्या कोडमध्ये भागाकाराचं चिन्हच नाही तिथे भागाकाराची तक्रार! त्यावरचा उपाय कर्नलमध्ये अजून आहे. लूपच्या आत असेम्ब्लीची एक रिकामी ओळ टाकली आहे. ती काहीच करत नाही. फक्त कंपायलरला सांगते की ही संख्या मध्येच बदलली असेल, तेव्हा पुढचं गृहीत धरू नकोस. ते कशासाठी, हे शेजारच्या कॉमेंटमध्ये लिहून ठेवलं आहे.

अशी एरर शोधायची ती ऑब्जेक्ट फाइलमधून. लिंकर फाइलचं आणि फंक्शनचं नाव देतो. मग त्या फंक्शनची असेम्ब्ली काढून हाक कुठून निघाली ते बघायचं. कर्नलच्या मेकला सी फाइलच्या नावात ‘.सी’ऐवजी ‘.एस’ लावून मागितलं की तो असेम्ब्ली देतो, ‘.आय’ लावलं की प्रीप्रोसेसर झाल्यानंतरचा मजकूर देतो. हे दुसरं मॅक्रोच्या जंगलात फार उपयोगी पडतं. कर्नलमध्ये दोन संख्यांतली लहान कुठली हे सांगणारा ‘मिन’ हा मॅक्रो आहे आणि दोन्हींचा प्रकार जुळतो का अशा तपासण्या त्याच्या पोटात आहेत. 2024 मध्ये लक्षात आलं की झेन या हायपरव्हायजरसाठीच्या कोडमधली एकच ओळ, जिच्यात ‘मिन’च्या आत ‘मिन’ होता, प्रीप्रोसेसरमधून बाहेर पडताना सुमारे 47 मेगाबाइटची होत होती. एक ओळ! मॅक्रोच्या आतल्या एररमध्ये कंपायलर बोट कुठे दाखवतो हे कधीकधी का कळत नाही, ते यावरून ध्यानात यावं.

काही एररमध्ये इतिहास असतो. यूएसबीला लावायच्या वायफायचा एखादा जुना ड्रायव्हर, कर्नलच्या बाहेर वेगळा मिळणारा, तुम्ही 5.0 नंतरच्या कर्नलवर बिल्ड करायला घेता. तक्रार येते: ‘अ‍ॅक्सेस-ओके’ या मॅक्रोला तीन आर्ग्युमेंट दिली आहेत, तो दोनच घेतो. प्रोग्रॅमने दिलेला मेमरीचा पत्ता त्याच्याच हद्दीतला आहे ना, हे कर्नल या मॅक्रोने तपासतो. पूर्वी त्याला आधी सांगावं लागे की पुढे वाचणार आहोत की लिहिणार आहोत. हे का सांगावं लागे? कारण इंटेलच्या 386 या चिपवर कर्नल स्वतः लिहीत असताना ‘इथे लिहू नये’ ही पाटी चिप मानत नसे. राखण कर्नललाच करावी लागे.

आणि 386 म्हणजे तीच चिप, जिच्यावर लिनस तोरवाल्ड्सने 1991 मध्ये हेलसिंकीत लिनक्स लिहायला घेतला. फेब्रुवारी 2013 च्या 3.8 मध्ये कर्नलने 386 ला निरोप दिला. तरी ते आर्ग्युमेंट आणखी सहा वर्षं शेकडो ठिकाणी नुसतंच दिलं जात राहिलं, आणि 2019 च्या 5.0 मध्ये लिनसनेच ते काढून टाकलं. दुरुस्ती म्हणजे पहिलं आर्ग्युमेंट खोडायचं. पण ते का खोडायचं हे कळलेला माणूस पुढच्या वेळी अंदाजाने खोडत नाही.

हे मी कळकळीने सांगतो, कारण एरर गप्प करणं आणि ती सोडवणं यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. जानेवारी 2018 च्या 4.15 मध्ये टायमरची पद्धत बदलली. आधी वेळ झाल्यावर बोलवायच्या फंक्शनला आपण ठेवलेली संख्या मिळे, आता खुद्द टायमरचा पॉइंटर मिळतो. कंपायलर म्हणतो, फंक्शनचा प्रकार जुळत नाही. तिथे नुसता कास्ट ठोकला की तक्रार बंद होते आणि ड्रायव्हर लोडही होतो. मग पहिल्यांदा टायमर वाजला की तो टायमरच्याच मेमरीला आपला डेटा समजून तिच्यात लिहायला लागतो आणि मशीन कोसळतं, तेही भलत्याच जागी. कंपायलरने तुम्हाला टेबलाशी बसलेलं असताना सांगितलं होतं, तेच आता ग्राहकाच्या जागेवर, रात्री दोनला कळतं.

एकाच्या मशीनवर बिल्ड होतं आणि दुसऱ्याच्या होत नाही, याचं सगळ्यात मोठं कारण मात्र कॉन्फिग. कर्नलमध्ये पंधरा हजारांहून जास्त पर्याय आहेत. त्यातले फक्त तीनशे एकमेकांपासून स्वतंत्र धरले, आणि प्रत्येकाला हो किंवा नाही एवढीच उत्तरं, तरी जी जुळणी होते तिचा आकडा नव्वद शून्यांचा येतो. प्रत्यक्षात कित्येक पर्यायांना तिसरं उत्तरही असतं: मॉड्यूल. खरी गंमत तिथेच. एक ड्रायव्हर कर्नलच्या पोटात आहे आणि तो ज्याला हाक मारतो ते फंक्शन मॉड्यूलमध्ये आहे, तर लिंकरला ते सापडणारच नाही, कारण मॉड्यूल बूट झाल्यावर कधीतरी लोड होणार. उलट बाजूने, मॉड्यूल कर्नलमधलं फंक्शन वापरतंय पण त्या फंक्शनवर ‘एक्सपोर्ट-सिम्बल’ची मोहोर नाही, तर मोडपोस्ट अडवतो. दोन्ही वेळा सी कोड कंपायलरच्या दृष्टीने अगदी शुद्ध असतो. पहिल्या वेळी चूक असते केकॉन्फिग फाइलमध्ये, कोण कोणावर अवलंबून आहे ते लिहायचं राहिलेलं असतं; दुसऱ्या वेळी ती मोहोर लावायची राहिलेली असते. म्हणून कुणालाही एरर दाखवताना कॉन्फिगची फाइल सोबत द्यावी, नाहीतर समोरच्याने काय करावं?

एवढ्या जुळण्या माणसं तपासू शकत नाहीत. इंटेलचा एक रोबो लोकांनी पाठवलेले पॅच उचलतो, कधी कधी वाटेल तशी कॉन्फिग काढून, वेगवेगळ्या प्रोसेसरसाठी बिल्ड करतो आणि फेल झालं तर लिहिणाऱ्याला मेल पाठवतो. त्याहीआधी, 2008 पासून, ऑस्ट्रेलियातल्या स्टीफन रॉथवेल यांनी ‘लिनक्स-नेक्स्ट’ चालवायला घेतलं: वेगवेगळ्या विभागांच्या कोडची शेकडो झाडं (ट्री) कामाच्या दिवशी रोज एकत्र करायची, बिल्ड करायची, कुणाचं कुणाशी पटत नाही ते मुख्य कर्नलमध्ये जाण्याआधी सांगायचं. या कामाला टाळ्या मिळत नाहीत. पण पुढचा कर्नल आपल्या हातात येतो तेव्हा बिल्ड होतो, यामागे ही वर्षानुवर्षांची रोजची मेहनत आहे.

काल बिल्ड होत होतं आणि आज होत नाही, तर गिटचं बायसेक्ट. विजेच्या फीडरवर फॉल्ट आला की लाइनमन पहिल्या खांबापासून चालत सुटत नाही. मधला एबी स्विच उघडतो आणि अलीकडची लाइन टिकते का बघतो. टिकली तर फॉल्ट पलीकडे. मग उरलेल्या अर्ध्याचा मध्य. कर्नलच्या एका आवृत्तीत बारा-पंधरा हजार बदल असतात. निम्मे-निम्मे करत गेलं की चौदा बिल्डमध्ये नेमका बदल हाती लागतो. बिल्डच्या एररला हे फार शोभतं, कारण उत्तर स्पष्ट असतं आणि स्क्रिप्टवर सोपवता येतं. एक काळजी घ्यावी. वाटेत भलत्याच कारणाने बिल्ड न होणारा बदल लागला, तर त्याला वाईट म्हणायचं नाही. स्क्रिप्टने 125 हा आकडा परत द्यायचा, म्हणजे गिट तो वगळून शेजारचा घेतो. हे विसरल्यामुळे मी एकदा चौदा बिल्डनंतर एका निर्दोष माणसाच्या बदलावर बोट ठेवलं होतं. मेल पाठवण्याआधी परत एकदा करून पाहिलं, म्हणून वाचलो.

आणि एरर दर वेळी जागा बदलत असेल तर? आज एका फाइलवर ‘इंटर्नल कंपायलर एरर’, परत मेक केलं तर ती फाइल सुरळीत आणि पुढची तिसरीच फेल. कोड तोच, कंपायलर तोच. नव्वदच्या दशकात ‘सिग्नल 11’ म्हणून ही तक्रार इतकी येई की तिच्यासाठी वेगळी प्रश्नोत्तरं लिहून ठेवलेली होती, आणि मुख्य उत्तर होतं: रॅम बघा. कर्नल बिल्ड करताना कंपायलर मेमरीत पॉइंटरच्या लांबच लांब साखळ्या बांधतो. एक बिट उलटा झाला की तो कोसळतो. तेव्हा एरर आली की काहीही न बदलता एकदा परत मेक करून बघावं. त्याच जागी थांबलं तर कोड वाचायला बसावं. जागा हलली तर कोड मिटून मशीनकडे बघावं.

शेवटी अशा एरर, ज्या कुणीतरी जाणूनबुजून ठेवल्या आहेत. ‘बिल्ड-बग-ऑन’ नावाचा मॅक्रो आहे. त्याला एक अट द्यायची, जी कधीच खरी होता कामा नये. समजा, हार्डवेअरला पाठवायचं स्ट्रक्चर बरोबर 64 बाइटचं नसणं. ती अट खरी झाली की कंपाइल थांबतं. जुन्या रूपात त्याची युक्ती सुंदर होती: अट खरी असेल तर उणे एक आकाराचा अ‍ॅरे मागायचा. असा अ‍ॅरे असूच शकत नाही, म्हणून कंपायलर नकार देतो. चालत्या मशीनला याची किंमत शून्य, कारण तपासणी झाली ती बिल्ड करतानाच.

त्याहून मला हेलावणारी एक आहे. ‘यूडिले’ हे फंक्शन काही मायक्रोसेकंद थांबण्यासाठी. थांबायचं म्हणजे प्रोसेसर तोवर दुसरं काही न करता जागीच फिरत राहतो, म्हणून ते अगदी थोड्या वेळासाठीच वापरायचं. एआरएमवर कुणी त्याला दोन मिलिसेकंदांहून मोठा आकडा थेट दिला, तर लिंकर सांगतो की ‘बॅड-यूडिले’ नावाचं फंक्शन सापडत नाही. माणूस चक्रावतो, हे आपण कधी लिहिलं? मग तो ते नाव कर्नलमध्ये शोधतो. नाव सापडतं, पण फंक्शन नाही. फक्त ते कुठेतरी असेल अशी घोषणा आहे. आणि घोषणेच्या वर कॉमेंट आहे: हे फंक्शन मुद्दामच लिहिलेलं नाही; तुम्हाला त्याचं नाव दिसलं, तर तुम्ही यूडिलेला प्रमाणाबाहेरचा आकडा दिला आहे.